शेजारच्या सीटसाठी

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, समोरच्या काचेला लागून, दोन कोपऱ्यांत दोन गोल जाळ्या आहेत. गाडी घेतली तेव्हापासून मी धरून चालले होते, की जाळ्या आहेत म्हणजे खाली स्पीकर असणारच. त्या दिवशी कर्णेवाल्याने प्लास्टिकची पातळ पट्टी घालून एक जाळी अलगद उचकटली आणि मला म्हणाला, "बघा काकू." मी वाकून बघितलं. एक भोक, त्यात धूळ, आणि कधीतरी पडलेली माझी केसांची पिन.

"स्पीकर कुठंय?"

"नाहीच. महागाच्या मॉडेलला देतात. तुमचं साधं मॉडेल. डॅशबोर्डचा साचा सगळ्यांना एकच, म्हणून जाळी तेवढी फुकट मिळते."

माझा पारा चढला. माझं कपडे शिवायचं दुकान आहे. खोटा खिसा मीही शिवते, पण गिऱ्हाइकाला आधी सांगते, की बाई, ह्यात रुमालसुद्धा जायचा नाही. इथे आम्ही इतकी वर्षं त्या रिकाम्या जाळ्या ओल्या फडक्याने पुसत बसलो होतो.

"चिडू नका," कर्णेवाला म्हणाला. "जागा आयती मिळाली की! काही कापावं लागणार नाही."

कर्णेवाला म्हणजे गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवणारा. त्याच्या दुकानाच्या दारावर जुना पत्र्याचा कर्णा टांगलेला आहे, त्यावरून हे नाव पडलं आणि त्यालाही ते चिकटलं. त्याच्याकडे एरवी येतात ती मंडळी अशी, की त्यांची गाडी सिग्नलला शेजारी उभी राहिली तर आपल्या छातीत धडधडायला लागतं. त्यांना बेस हवा असतो, आणि बेस बसवून झाला की आणखी बेस. मी गेले आणि म्हटलं, "मला तो धडाम-धुडूम प्रकार अजिबात नको. मला माणसाचा आवाज हवाय. स्पष्ट, समोरून, कोणी पुढ्यात बसून गातंय असा." त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मला बसायला खुर्ची दिली. इतक्या दिवसांत शहाण्यासारखं मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या, असंही म्हणाला. दुकानदार आहे, म्हणणारच.

कशाला हवा होता तो आवाज, ते सांगते.

आमचे हे रंगाच्या दुकानात विक्रीला उभे असायचे. भिंतींचे रंग. बोलण्यात असे पटाईत, की पांढरा मागायला आलेला माणूस पिवळा घेऊन जायचा आणि वर ह्यांचेच आभार मानायचा. घरीही तीच गत. सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू. मी कातावून म्हणायची, "अहो, मधेमधे श्वास तरी घ्या!" मग एका सकाळी दात घासता घासता ह्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय हळूहळू परत आले. एक पाय थोडा ओढतात, पण चालतात. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजतं सगळं. शब्द माहीत आहे हे डोळ्यांत दिसतं, तो ओठांपर्यंत येतो, आणि तिथून मागे फिरतो. उरला फक्त एक "हं". होकाराचाही हं, नकाराचाही हं, आणि चहात साखर कमी पडली तरी हं.

घर इतकं शांत झालं, की मला शिलाई मशीनचा आवाज सहन होईना. आधी मी गप्प बसा म्हणायची. आता बोला हो, काहीही बोला, माझ्या आईला नावं ठेवा, पण बोला, असं झालं होतं मला.

ह्यांना मी स्पीच थेरपीला नेते. गाडी मीच चालवते. थेरपिस्ट वयाने माझ्या लेकीएवढी, पण मी तिला ताई म्हणते, कारण तिच्यापुढे माझीसुद्धा बोलती बंद होते. ती म्हणाली, की बोलणं मेंदूत एका बाजूला राहतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला. बोलणं गेलेली काही माणसं गाऊ शकतात. गाण्याचं बोट धरून पुढे बोलणंही येतं. सगळ्यांना नाही, काहींना.

"पण काकू, एक लक्षात ठेवा," ताई म्हणाली. "गाण्यातला शब्द गाण्याचा असतो. आपण वाट बघतोय ती काकांच्या स्वतःच्या शब्दाची. गाण्याबाहेरचा, त्यांना म्हणायचाच आहे असा एक शब्द. तो एकदा आला, की पुढचे यायला वाट होईल. फक्त त्यांनी प्रयत्न सोडता कामा नये. हे सुरुवातीचे महिने हातचे गेले तर पुढे फार अवघड."

आणि हे तर सोडायच्याच बेतात होते. ताई कपाचं चित्र दाखवून विचारायची, "काका, हे काय?" आणि हे हाताची घडी घालून भिंतीकडे बघायचे. आयुष्यभर रंगांची शेकडो नावं तोंडपाठ असलेल्या माणसाला कपाचं चित्र दाखवायचं! मलाही अपमान वाटायचा, ह्यांना किती वाटत असेल.

गाडीत मात्र वेगळं होतं. गाडीत मी एक जुनं गाणं लावायची. संथ, एकाच बाईचा आवाज, मागे फारशी वाद्यं नाहीत. "नदीकाठी कोण उभे, कोण पाणी मोजते." ह्यांचं लग्नाआधीपासूनचं आवडतं. ते लागलं की हे मान खाली घालून, गुडघ्यापर्यंत वाकून ऐकायचे. कारण आमच्या गाडीचे स्पीकर दारात, खाली, पायाशी. तिथून आवाज यायचा तो घोंगडीत गुंडाळून आल्यासारखा, त्यात इंजिनाची घरघर. तरी एक दिवस ओळ संपता संपता हे हळूच म्हणाले, "...जते." मोजते! मी आनंदाच्या भरात पुढच्या टेम्पोला ठोकणारच होते.

पण वाकून वाकून ह्यांची मान धरायची, डोकं दुखायचं. ताई म्हणाली, गोंधळलेला आवाज उलगडण्यातच ह्यांची सगळी ताकद जाते, गायला उरत नाही. आवाज समोरून आणि स्वच्छ आला तर फरक पडेल. म्हणून मी कर्णेवाल्याच्या दारात.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे म्हणतायत डिकीत सबवूफरही टाकून घे."

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, तुझा सासरा डिकीत बसत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

कर्णेवाल्याने आधी ट्वीटर दाखवले. बोराएवढे, दिसायला गोजिरवाणे. ते फक्त बारीक आवाज काढतात. लावून बघितले तर बाईच्या गाण्यातले "स" आणि "च" तेवढे चमकायला लागले, आणि बाई स्वतः राहिली खाली दारातच. नको म्हटलं.

"मग तुम्हाला छोटे फुल-रेंज लागतील," तो म्हणाला. "एकच पडदा, त्यातूनच जाड, बारीक सगळं. माणसाचा आवाज अख्खा एका जागेवरून येतो, त्याचे तुकडे होत नाहीत. फार खालचे सूर त्यांना झेपत नाहीत, ते आपण अडवू आणि दारातल्यांकडे पाठवू. नाहीतर ही पिल्लं फाटतील."

मी पर्समधून टेप काढली. भोकाची रुंदी घेतली, खोली घेतली. खाली एक नळी आडवी गेली होती, ती कुठे येते तेही बघितलं. कर्णेवाला बघतच राहिला. त्याने काढलेल्या जोड्यांपैकी एकीचं लोहचुंबक इतकं जाड, की ती बसलीच नसती. उरल्या दोन जोड्या. एकीचा पडदा चकचकीत धातूचा, दुसरीचा साध्या काळ्या कागदाचा.

त्याच्या दुकानात एक फळी आहे, तिच्यावर लावून ऐकवतो. धातूच्या जोडीने तर मन जिंकलं. एकेक अक्षर टाचणीने टोचून लावल्यासारखं. कागदी जोडी त्यापुढे मिळमिळीत. मी म्हटलं, "हीच चकचकीत द्या."

"काकू, फळीवर ऐकून ठरवायचं नाही. गाडीत काच आहे. हे स्पीकर वर तोंड करून बसणार. आवाज आधी काचेवर आपटणार आणि मग तुमच्याकडे येणार."

हे मला लगेच पटलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कापड एक दिसतं आणि दारात उजेडात नेलं की दुसरंच. मी गिऱ्हाइकाला नेहमी दारात नेते. त्याने टॉवेलाच्या घड्या करून डॅशबोर्डवर ठेवल्या, त्यांवर स्पीकर टेकवले, तात्पुरत्या वायरी जोडल्या. धातूची जोडी काचेला लागून अशी किंचाळली, की प्रत्येक "स" कानात सुईसारखा शिरला. मग कागदी लावली. फळीवर मिळमिळीत वाटलेली ती बाई इथे एकदम माणसात आली. गळा, श्वास, शब्द, सगळं जागच्या जागी.

"हीच," मी म्हटलं.

"हीच," तोही म्हणाला, आणि आम्ही दोघं लग्न ठरल्यासारखे खूश झालो.

हे तेव्हा बाहेर बाकावर बसून रस्त्याकडे बघत होते.

दोन दिवसांनी गाडी तयार झाली. कर्णेवाल्याने सीटखाली एक छोटी डबी बसवली होती, तिच्यात आवाजाची सगळी जुळवाजुळव. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि दारातून वाकून अभिमानाने म्हणाला, "ऐका."

काय सांगू! बाई बॉनेटच्या बरोब्बर मधोमध, माझ्या पुढ्यात उभी. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, खाली तर नाहीच. मला वाटलं वायपर लावला तर तिला लागेल. त्याने समजावलं, की जवळच्या स्पीकरला तो किंचित थांबवतो, म्हणजे जवळचा आणि लांबचा दोघंही कानाशी एकदम येतात, आणि आवाज मधे उभा राहतो. मी त्याचा हात हातात घेऊन दाबला. ह्यांना शेजारी बसवलं आणि घराकडे निघाले.

पहिली ओळ झाली. हे गप्प. दुसरी झाली. गप्प. मी मनात म्हटलं, नवं आहे, सवय होऊ दे. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. पूर्वी निदान वाकून ऐकायचे, गुणगुणायचे. आता गाणं लागलं की कपाळाला आठ्या घालायचे आणि काचेबाहेर तोंड करून बसायचे. मी आवाज वाढवला तर हात लांब करून बंदच करून टाकला.

"अहो, इतकं छान ऐकू येतंय आणि तुम्ही बंद काय करता?"

"हं."

"हं काय, हं? मी कोणासाठी करतेय हे सगळं?"

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी तावातावाने गाडी हाणली. नंतर मशीनवर बसून उलट-सुलट टीप घालत होते आणि रडत होते. मला वाटलं, संपलं. गाडी ही एकच जागा होती जिथे हे अजून धडपडत होते, तिथेही ह्यांनी हात टेकले. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "घेऊन तरी या त्यांना, बघू." तो "बघू" काही आशेचा नव्हता.

पुढच्या खेपेला ह्यांना आत सोडून मी गाडीत थांबले होते. दुपारचं ऊन ड्रायव्हरच्या बाजूने आत येत होतं, स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. मी उठले, फेरा घालून शेजारच्या सीटवर, ह्यांच्या जागेवर जाऊन बसले. चाळा म्हणून गाणं लावलं.

आणि बाई गायब!

म्हणजे आवाज येत होता, पण मधोमध नाही. सगळा माझ्या बाजूच्या कोपऱ्यात, खांबाच्या आड दडून बसल्यासारखा. आणि पलीकडच्या स्पीकरमधून तोच आवाज एक पाऊल मागून, सावलीसारखा. दोन्ही मिळून शब्दांच्या कडा विरून गेलेल्या, पोकळ. "मोजते" कुठलं, नुसतं "ओओए". मी उठून पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर गेले. बाई मधोमध, ठणठणीत. पुन्हा ह्यांच्या जागेवर. गायब. फूटपाथवरचा एक माणूस माझी ये-जा बघून थांबलाच. मी त्याला म्हटलं, "काय बघताय? चला, पुढे व्हा."

मग डोक्यात प्रकाश पडला आणि त्याच्या पाठोपाठ संताप. कर्णेवाल्याने जवळचा स्पीकर थांबवला होता, पण कोणाच्या जवळचा? माझ्या. सगळं माप माझ्या कानाचं घेतलं होतं. बापाचा कोट शिवायचा आणि माप घ्यायचं बिल द्यायला आलेल्या मुलीचं! आणि मी, जन्मभर मापं घेणारी बाई, समोर बसून वाहवा करत होते.

हे बाहेर आले तसे त्यांना घेऊन मी थेट कर्णेवाल्याच्या दुकानात शिरले.

"तू गाडी कोणासाठी लावलीस रे?"

तो दचकला. "कोणासाठी म्हणजे? ड्रायव्हरसाठी. सगळे ड्रायव्हरसाठीच लावतात, काकू. मालक तिथेच बसतो ना!"

"अरे, गायचंय ह्यांना! मी गाडी हाकणार, गाणार हे. तू एकदा तरी ह्या सीटवर बसून ऐकलंस का?"

कर्णेवाला गाडीत शिरून शेजारच्या सीटवर बसला. गाणं लावलं. थोडा वेळ ऐकलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आईशप्पथ," तो म्हणाला, "इतकी वर्षं हा धंदा करतोय, इकडे बसून कधी ऐकलंच नाही." आणि हसायलाच लागला. त्याचं ते हसणं इतकं खरं होतं, की माझा राग निम्मा तिथेच उतरला.

तो कामाला लागला. डबीला फोन जोडला, स्वतः त्या सीटवर बसून आकडे फिरवायला लागला. "आता ठीक आहे, काकू. या, बसून बघा." मी निघालेच होते. तेवढ्यात मागून माझ्या दंडाला हात लागला. हे बाकावरून उठून आले होते. त्यांनी मला बाजूला केलं, कर्णेवाल्याकडे बघितलं आणि बोटाने खूण केली. ऊठ.

कर्णेवाला उठला. हे आपल्या सीटवर बसले. पाय आखडतो म्हणून ह्यांची सीट बरीच मागे ढकललेली असते, ती कर्णेवाल्याने पुढे घेतली होती, ह्यांनी पुन्हा मागे सरकवली. पाठ टेकली. मग हात वर करून थांबले, जसे पूर्वी दुकानात रंगाचा डबा हलवणाऱ्या मशीनपाशी थांबायचे. कर्णेवाल्याच्या लक्षात आलं. त्याने गाणं लावलं आणि ह्यांच्याकडे बघत बसला.

हे डोळे मिटून ऐकत होते. मग बोट हललं. थोडं इकडे. कर्णेवाल्याने आकडा बदलला. आणखी थोडं. मग तळहात खाली दाबला, की हा बाजूचा कमी कर. मग बोट काचेकडे, आणि नाक मुरडलं. "वरचे सूर टोचतायत का, काका?" "हं." हा होकाराचा. कर्णेवाल्याने ते मऊ केले. पुन्हा बोट. पुन्हा आकडा. मी दाराला धरून उभी होते आणि मला सगळं लख्ख दिसत होतं. किती महिन्यांत ह्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टर मला विचारायचे, लेक मला विचारायची, जेवायला काय हवं तेही मीच ठरवायची. स्पीकरसुद्धा मीच निवडले, माझ्या कानांनी. आणि हा माणूस, ज्याने आयुष्यभर लोकांना "तुम्हाला कुठला आवडतो?" असं विचारून पोट भरलं, तो बाकावर बसून होता.

शेवटी ह्यांनी अंगठा आणि बोट जोडून हवेत टिंब दिलं. झालं. इथेच. रंगाची छटा बरोब्बर जमली की असंच करायचे.

"काका, तुम्ही माझ्याकडे कामाला या," कर्णेवाला म्हणाला. हे हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

निघताना त्याने मला हळूच सांगितलं, "काकू, आता तुमच्या सीटवर मजा नाही यायची हां."

"मला काय करायचीय मजा," मी म्हटलं. "मला रस्ता दिसला तरी पुरे."

आणि खरंच, माझ्या बाजूला आता बाई कोपऱ्यात दडली होती, शब्द पोकळ. पण ह्यांच्याकडे बघितलं तर मान सरळ. कपाळावर आठी नाही. नजर बॉनेटच्या मधोमध, तिथे कोणीतरी उभं असल्यासारखी. पहिली ओळ गेली. दुसऱ्या वेळेला ह्यांनी तोंड उघडलं. "नदी... कोण... कोण पा..." मधले शब्द गळले, सूरही थोडा वाकडा, पण ओळ सोडली नाही. "...णी मोजते." अख्खा शब्द! मी श्वास रोखून गाडी चालवली. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा एकच शब्द राहिला, बाकी सगळी ह्यांच्या तोंडून आली.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. गाणं मधल्या वाजवण्यात गेलं, बाई थांबली, हेही थांबले. मी ह्यांच्याकडे बघत होते. किती दिवसांनी ह्यांच्या गळ्याची ती गाठ वर-खाली होताना बघितली, आणि माझे डोळे भरून आले. सिग्नल हिरवा झाला ते मला दिसलंच नाही. मागून हॉर्न सुरू झाले. एक, मग दोन, मग अख्खी रांग.

हे समोर सिग्नलकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. गाणं चालू होतं, पण नुसती वाद्यं, धरायला एकही शब्द नव्हता त्यात. ह्यांचे ओठ हलले. जबडा वाकडा झाला. हाताने डॅशबोर्डवर थाप मारली.

"च..."

मी हललेसुद्धा नाही.

"चल," हे म्हणाले.

"काय?" मी म्हटलं. "अहो, काय म्हणालात?"

"चल!" आणि ह्या वेळेला त्यात जुना, खणखणीत वैताग होता. इतकी वर्षं ऐकलेला, जीव नकोसा करणारा वैताग. मी हसत, रडत, घाईघाईने गिअर टाकला, क्लच सुटला, गाडी एक गचका खाऊन पुढे झाली. तोवर सिग्नल पुन्हा लाल झाला होता.

"थांब!" हे ओरडले.

मी करकचून ब्रेक दाबला. अख्ख्या संसारात मी ह्यांचं इतकं मुकाट्याने कधी ऐकलं नव्हतं.